एक डोळा कमी

१९९३ साली मानवतजवळच्या एका डाळमिलमध्ये मी तुरीची प्रत ओळखणारं यंत्र बसवलं. वर कॅमेरा, खाली पेटीत चिप. ताटलीतले दाणे बघून ते चांगल्या मालाला हिरवा दिवा लावायचं, हलक्या मालाला लाल. मालकांची अट एकच होती : यंत्राचा निकाल दत्तरावांशी जुळला पाहिजे. दत्तराव तिथले पारखी. पंचवीस वर्षं मूठभर तूर हातात घेऊन ते मालाचा भाव ठरवत आले होते.

वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या तुरीच्या नमुन्याच्या शंभर पुड्या तपासल्या, शहाण्णव जुळल्या. उरलेल्या चार दत्तरावांनी हलक्यात टाकल्या होत्या आणि यंत्र त्यांना हिरवा दिवा दाखवत होतं.

मी काच पुसली, बल्ब बदलला, प्रोग्राम पुन्हा भरला. दिवा हिरवाच. शेवटी जमिनीवर बसून चारही पुड्यांतला दाणा न् दाणा निवडला. ना खडा, ना किडका दाणा.

"दत्तराव, ही तूर तर चांगली आहे. हलकी कशी म्हणालात?"

त्यांनी पुड्यांवरची नावं वाचली. चारही भीमनगरची.

"तुमचं यंत्र लय हुशार हाय, साहेब," ते मला समजावत म्हणाले, "पण त्याला डोळा एकच, अन् तो मालावर. दुसरा फाटकावर बसवा. गाडी कुठल्या वस्तीतून आली ते त्याला दिसलं, की बघा, शंभरच्या शंभर जुळतेत."