एल्डनच्या गावासाठी ताट

कॅरिबियनमधल्या एका बेटावर एल्डनचं छोटंसं गाव होतं. पिढ्यानपिढ्या होड्या बांधणारं ते गाव मागच्या वर्षी वादळात माणसांसकट समुद्रात गेलं. नोकरीसाठी जपानला आलेला एल्डन तेवढा उरला. उरायासुत तो माझा शेजारी.

त्यांच्यातही मेलेल्यांना ताट वाढायची पद्धत आहे. एल्डनने दुपारी मासे-भात वाढला, दार किलकिलं ठेवलं आणि मला सोबतीला बसवलं.

"रुचिर, त्यांना इथलं घर सापडेल का रे?"

"न सापडायला काय झालं? आमचे पितर तर स्वतः यायचे कष्टही घेत नाहीत, कावळा पाठवतात."

तो हसला नाही. भात गार झाला, ताटाला कुणी शिवलं नाही.

"आजी तरी येईल वाटलं होतं," असं पुटपुटत तो ताट उचलायला उठला, तेवढ्यात दारावर टकटक झाली. बिल्डिंगचे मॅनेजर ओनुकी-सान कमरेत वाकून उभे होते.



"माफ करा, पण तुमच्या पाहुण्यांच्या ओल्या चपला तेवढ्या आत घ्याल का? रांग लिफ्टपर्यंत गेलीय."