खिडकीवरची फळी

बायको उष्माघातानं गेल्याचं डॉक्टरनं सांगितलं, त्या दिवशी दोरीवरचं तिचं लुगडं संध्याकाळपर्यंत ओलंच होतं. डॉक्टर म्हणाला, “रायपूरच्या या दमट उकाड्यात अंगावरचा घाम वाळत नाही. बंद खोलीत पाण्याचा कूलर लावला तर वाफच कोंडते.” मे महिन्यातल्या झळा अडवायला खिडकीवर फळी मीच ठोकली होती. पावसाळा लागल्यावर बायको रोज म्हणायची, “फळी काढा ना, जीव घाबरून राहिला.” मी “उद्या काढतो” म्हणायचो आणि कूलरमध्ये पाणी ओतायचो. तेरवीला लेक आली. तिला सातवा महिना आहे. त्याच खोलीत घामानं भिजलेली ती म्हणाली, “बाबा, कूलर में पानी डालो ना.” मी पक्कड घेऊन खिडकीशी गेलो. “उद्या काढा ना, आजच काहून?” तिनं विचारलं. तीन खिळे निघाले. गंजलेला चौथाही निघाला. काहून, ते तिला अजून सांगितलेलं नाही.