शेवटच्या ओळीतलं नाव

राममंदिरातल्या कीर्तनाला त्र्यंबकपंत नेहमीसारखे खांबाआडच बसले होते. दरबारी पदं रचण्यात आयुष्य गेलं, जन्मभर राजाचीच स्तुती केली. आता रामाला काय तोंड दाखवायचं?

बुवांनी पद उचललं आणि पंत चमकले. चाल त्यांची, शब्दही त्यांचेच. शेवटच्या ओळीत मात्र राजाच्या जागी रामाचं नाव.

पंत पुढे आलेले पाहताच बुवांनी हात जोडले. "चुकलं, पंत! पण गावोगावी आता असंच म्हणतात हो. महाराजांना सांगू नका."

"म्हणजे माझी हजेरी इथं कधीचीच लागतेय!" पंतांनी डोळे पुसले आणि रामासमोरच बैठक मारली. "बसा, बुवा. अंतऱ्यात घाई करता, ती आधी सोडा. उरलेली पदंही शिकवतो. शेवटची ओळ तेवढी तुम्ही म्हणायची."