डाव्या हातातला फुगा
"सोबत कोण आलंय?" टेक्निशियन मुलीनं विचारलं. "सदाशिव पेठेपासून रिक्षावाला होता. तोही गेला," हेमाताई म्हणाल्या. जपमाळ चांदीच्या तारेतली, म्हणून एमआरआयसाठी बाहेरच काढून ठेवावी लागली. मुलीनं त्यांच्या उजव्या हातात रबरी फुगा दिला. "भीती वाटली तर दाबा, मी लगेच येते." हेमाताईंनी फुगा डाव्या हातात घेतला, उजवा हात जपाचा. यंत्राच्या बोगद्यात शिरताच छाती धडधडू लागली, श्वास पुरेना. त्यांनी डोळे मिटले, अंगठा बोटाच्या पेरावर टेकवला आणि दत्ताचं नाव घेतलं. यंत्र डोक्याशी ठोकत राहिलं, नाव पेरापेरानं पुढे सरकत राहिलं. हळूहळू छाती शांत झाली. यंत्र थांबलं, तोवर भीतीचा मागमूसही नव्हता. मग त्यांनी फुगा दाबला. मुलगी धावत आली. "काय झालं काकू, घाबरलात?" "छे! बोलावल्यावर कुणी येतं का, एवढंच पाहिलं."