चार नंबरचा मेकअप

"रबर आहे. सरळ दिसतंय, लाह."

निशिकांतनं ती कॉमेंट तिसऱ्यांदा वाचली आणि एक्सेलमध्ये उतरवून घेतली. ओळ एकशे सतरा. गांभीर्य: अति. बावीस वर्षं तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेत होता, आधी पुण्यात, आता सिंगापुरात, पाया लेबारला. सिनेमाबद्दलची मतं वाचायची त्याला दुसरी रीत माहीत नव्हती.

सिनेमा प्रबोधचा. प्रबोध आठवडाभर एका बँकेचे सर्व्हर सांभाळायचा आणि शनिवार-रविवारी दिग्दर्शक असायचा. 'टाकीतले आठ' एक्केचाळीस मिनिटांचा होता. गच्चीवरच्या टाकीत काहीतरी पडतं, ते पाणी पिऊन इमारतीतली आठ माणसं म्यूटंट होतात आणि उरलेल्यांना खातात. शूटिंग बुकित बातोकच्या कार पार्कमध्ये. म्यूटंट सगळे इथल्या मराठी मंडळातले. रक्त म्हणून लिटिल इंडियातून आणलेलं कोकमाचं आगळ.

सात म्यूटंटांच्या तोंडावर प्रबोधनं रबर चिकटवलं. चार नंबरला काही चिकटवावं लागलं नाही. ती मीनल, निशिकांतची बायको. दोन वर्षांपूर्वी कॅन्सरनं तिचा डावा जबडा गेला. डॉक्टरांनी पायाचं हाड आणि पायाचीच कातडी लावून जमेल तसा नवा केला. तेव्हापासून ती मास्कशिवाय दाराबाहेर पडली नव्हती. सिंगापूरमध्ये मास्कचं कुणाला काही वाटत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

सिनेमात काम करायचं तिनंच काढलं होतं.

"एक दिवस," ती प्रबोधला म्हणाली होती. "चारचौघांत. उघडी."

ऑपरेशनपासून ती मोजकंच बोलायची. शब्द तोंडातून ओले होऊन यायचे.

"वा, वहिनी," प्रबोध म्हणाला होता. "तुमचे मेकअपचे दोन तास वाचतील." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मनात वेळापत्रक होतं.

इंटरनेटवर टाकल्यावर महिनाभर सिनेमा कुणी पाहिला नाही. मग आजूबाजूच्या शाळांमधल्या पोरांनी आपला कार पार्क ओळखला आणि मतांचा पाऊस पडला. म्यूटंट पळताना चप्पल निसटते. दोन नंबरच्या गळ्यात ऑफिसचा पास आहे. माणसं खायच्या आधी ते रांग का लावतात? बायको पाच मिनिटांत झोपली, मी शेवटपर्यंत पाहिला. आमच्यात हुशार कोण ते कळलं.

पण चार नंबरबद्दल कुणी विनोद करत नव्हतं. ही खरी वाटते. हिच्यामुळे झोप उडाली. बाकी सगळं टाकाऊ, पण हिचा मेकअप कुणी केलाय?

आणि अशा प्रत्येक मताखाली 'पांडा७७' नावाचा कुणीतरी हजर. इथल्या पोरांसारखं वाक्यागणिक लाह लावणारा. रबर आहे, लाह. मी शूटिंग पाहिलंय. दोन तास लागले चिकटवायला. कडेचा गोंदसुद्धा दिसतो, नीट बघ, लाह. असं तेवीस ठिकाणी.

निशिकांतला ते झोंबलं. बाकी जग त्याच्या बायकोला निदान घाबरत होतं. हा एकटा तिची टर उडवत होता.

"लिहू दे," मीनल म्हणाली.

"अगं, रबर म्हणतोय तो तुला. गोंद म्हणतोय."

"चांगलं लिहितो."

बायको आता पार खचली, असं निशिकांतनं धरलं, आणि तो कामाला लागला. तेवीस कॉमेंटींवर तेवीस तक्रारी. प्रत्येकीला स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, कारण: आजारी व्यक्तीचा छळ. एखाद्या तक्रारीला त्या साइटचा कॉम्प्युटर भीक घालत नाही. पण इतक्या शिस्तीच्या तेवीस तक्रारी त्यानं बहुधा जन्मात पाहिल्या नव्हत्या.

रविवारी दुपारी जेवताना मेल आला. निशिकांतनं तो पानावरच मोठ्यानं वाचला. "'आपल्या सतर्कतेबद्दल आभार. सदर खातं कायमचं बंद करण्यात आलं असून त्याच्या सर्व कॉमेंटी काढून टाकल्या आहेत. आपल्यामुळे आमचा समाज अधिक सुरक्षित झाला आहे.'" ऑफिसात चार वर्षांत त्याला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. "गेला पांडा," तो म्हणाला.

समोर त्यांची मुलगी श्रिया जेवत होती. वय चौदा. तिनं सिनेमा पाहिलेला नाही, असं घरात समजलं जात होतं. दोन वर्षांत तिनं एकही मैत्रीण घरी आणली नव्हती. तेही अभ्यासामुळे, असंच समजलं जात होतं.

तिनं ताटाशेजारचा फोन उचलला. बराच वेळ पाहिला. मग पालथा ठेवला.

"बाबा, पांडा मी आहे."

निशिकांतनं मेल पुन्हा वाचला.

"क्लासमध्ये सगळे विचारत होते. दॅट वन युअर मम, राइट? मी म्हटलं, येस, पण मेकअप आहे, लाह. कोणी बिलीव्ह करत नव्हतं, म्हणून सगळीकडे लिहिलं." तिचा आवाज चढला नाही. "आता तिथे माझं काहीच नाहीये. सगळे परत विचारतायत, सो रिअल ऑर नॉट?"

निशिकांतनं बायकोकडे पाहिलं. मीनलच्या चेहऱ्यावरचं आता फारसं कळत नसे. पण डोळे जागेवर होते, आणि त्यांत नवल अजिबात नव्हतं.

तिनं मऊ भाताचा चमचा खाली ठेवला. रुमालानं ओठाची डावी कड टिपली आणि लेकीपुढे हात केला.

"फोन दे," ती म्हणाली. "नवं खातं उघडून दे. मी लिहिते. लाह कुठं लावायचं, तेवढं सांग."