बोंबीलचा नवा पत्ता

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. चपला बाहेर काढून वनमाला अंधेरीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरली आणि तिने नाकाला पदर लावला. एवढ्या एसीतही नाकातले केस जळतील असा कुजका वास!

दुसऱ्या मशीनांकडून आलेल्या टपालाची नोंद प्रिंटर छापत होता. आधी पाठवणाऱ्या मशीनचं नाव, पुढे टपाल आलं त्या वायरीचा पत्ता. नाव होतं 'बोंबील'.

इथल्या मशीनांना मासळीची नावं दिलेली. बोंबीलमध्ये उंदीर मेले, किडे पडले, म्हणून त्याला कधीच भंगारात काढलं होतं.

"नाव काय, कुणीही लावेल गं," तिच्यासोबत काम करणारा भिकाजी म्हणाला. "पत्ता बघ. तो खोटं बोलत नाही."

पत्ता बोंबीलच्याच वायरीचा होता. ती तर कापून भिंतीशी सोडलेली.

वनमालाने वाकून तिचं तुटकं टोक उचललं. ते ओलं होतं, चिकट आणि कोमट.

"शी! काय घाण आहे ही!" तिने हात झटकला.

प्रिंटर पुन्हा खडखडला. भिकाजीने नवी ओळ वाचली आणि तो दोन पावलं मागे सरला.

"नाव तेच आहे," तो म्हणाला, "पत्ता बदललाय."

"कुठला?" असं विचारायला वनमालाने तोंड उघडलं, आणि तो वास तिच्याच तोंडातून आला.