मुकुट उतरेपर्यंत

नामघरातलं, गावच्या प्रार्थनाघरातलं, नाटक संपलं तरी पदुमने कृष्णाचा मुकुट उतरवला नाही. जमीनदाराला धान देऊ नका, असं तो ब्रह्मपुत्रेकाठी गावोगाव नाचून, चित्रं काढून सांगायचा; म्हणून दारोगा बेडी घेऊन दारात बसला. पण मुकुट असेपर्यंत नट देवच, आणि दारोगाही इथलाच, ही रीत मानणारा. "उतरव रे," तो विनवायचा. "देवाला अरेतुरे? वाक आधी!" पदुम दरडावायचा. दारोगा निमूट वाकायचा. असं आठवडाभर चाललं. देव नाहीच म्हणणाऱ्या पदुमपुढे म्हाताऱ्या सुपारी ठेवून सुनांबद्दल गाऱ्हाणी सांगू लागल्या. शेवटी दारोगाने पदुमच्या आईलाच आणलं. रीतीप्रमाणे गुडघे टेकून ती त्याच्या पायांशी वाकली. "मुकुट काढू नकोस, गाढवा," ती पुटपुटली. तिचं डोकं पायाला लागण्याआधीच पदुमने मुकुट काढला. त्याच्या थोबाडीत मारून ती रडू लागली. दारोगा तिचं रडणं संपायची वाट बघत थांबला. ते संपेना.